चरित्र कसे लिहावे?

थोर माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. त्यांचा जन्म कोठे झाला, बालपणी त्यांनी कोणते हाल सोसले, पुढे कोणती कामे केली, हे सारे त्यांत लिहिलेले असते. पण लिहिणाऱ्याला ही माहिती कोणी दिली, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. शाळेत चरित्रलेखनाचा उपक्रम दिला, की बरेच विद्यार्थी एखादे पुस्तक किंवा मोबाइल उघडतात, त्यातील मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात, वर एक चित्र चिकटवतात आणि वही देऊन टाकतात. अक्षर विद्यार्थ्याचे असते, पण चरित्र दुसऱ्याचेच असते. स्वतः चरित्र लिहायचे म्हणजे काय करायचे, ते या पाठात पाहू.

एखाद्या व्यक्तीच्या जीवनाची खरी हकिकत म्हणजे चरित्र. उर्दूत आपण त्याला सवानेह-उमरी म्हणतो. माणसाने स्वतःच आपली हकिकत सांगितली, तर ते आत्मचरित्र, म्हणजेच आपबीती. मौलाना हाली यांचे 'यादगार-ए-गालिब' हे पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले. मिर्झा गालिब १८६९ साली वारले होते. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली, तरी हालींना ते पुस्तक लिहिता आले, कारण ते गालिबांच्या सहवासात राहिले होते. आपण मात्र बहुधा ज्यांना कधीच पाहिलेले नसते, अशांचे चरित्र लिहायला घेतो. म्हणून आपल्याला साक्षीदार शोधावे लागतात.

चरित्रासाठी व्यक्ती निवडताना फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्या कोल्हापुरातच किती नावे आहेत! राजर्षी शाहू महाराज, कलामहर्षी बाबूराव पेंटर, चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर, राजाराम कॉलेजात शिकलेले आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव. जवळची व्यक्ती निवडली, तर तिच्या खुणा पायी चालत जाऊन पाहता येतात. आपण उदाहरणासाठी गायनाचे थोर उस्ताद अल्लादियाखाँ यांना घेऊ. त्यांचे चरित्र लिहिणे सोपे नाही, आणि म्हणूनच त्यातून पुष्कळ शिकता येते.

प्रथम एका कागदावर जीवनाचा सांगाडा मांडावा. अल्लादियाखाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे अलिगढजवळच्या अत्रौली गावचे. पुढे ते जयपूरकडे गेले. म्हणून त्यांच्या गायकीला जयपूर-अत्रौली घराणे असे नाव पडले. त्यांचे मूळ नाव गुलाम अहमद. वडिलांच्या मृत्यूनंतर चुलते जहांगीरखाँ यांनी त्यांना गाणे शिकवले. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापूरला आले आणि शाहू महाराजांचे दरबारी गायक झाले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले. तेथे १६ मार्च १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हा सांगाडा झाला. याला चरित्र म्हणता येणार नाही, पण त्याचा एक मोठा उपयोग आहे. पुढे मिळणारी प्रत्येक गोष्ट त्यावर ठेवून तपासता येते. समजा, कोणी सांगितले, की शाहू महाराजांनी १८८० साली खाँसाहेबांना बोलावून घेतले. आता हिशेब करा. शाहू महाराजांचा जन्म १८७४ सालचा. १८८० साली ते सहा वर्षांचे होते. ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले १८८४ साली, आणि राज्यकारभार त्यांच्या हाती आला २ एप्रिल १८९४ रोजी. म्हणजे ही गोष्ट चुकीची ठरते. त्यासाठी मोठा इतिहासकार असावे लागत नाही; बेरीज-वजाबाकी येत असली म्हणजे पुरे.

तारखांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. शाहू महाराजांची जयंती आपण २६ जूनला साजरी करतो. पण जुनी पुस्तके उघडलीत, तर काहींत जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी छापलेली आढळेल. अशा वेळी घाबरू नये आणि मनाला येईल ती तारीख उचलू नये. दोन्ही तारखा टिपून घ्याव्यात, कोणती कोठे मिळाली ते लिहावे आणि शिक्षकांना विचारावे. छापलेले सर्वच खरे नसते, हे चरित्र लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी शिकावे.

आता साक्षीदारांकडे वळू. खाँसाहेबांचे सर्वांत मोठे साक्षीदार ते स्वतःच. उतारवयात त्यांनी आपली जीवनकथा आपले नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितली आणि नातवाने ती उर्दूत लिहून ठेवली. २००० साली ती इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. नातवाने कागद-लेखणी घेतली नसती, तर ही हकिकत आजोबांबरोबरच गेली असती.

दुसरे साक्षीदार गोविंदराव टेंबे. हे कोल्हापूरचे प्रसिद्ध हार्मोनियमवादक आणि संगीतकार. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि त्याचे संगीतही दिले. त्यांना खाँसाहेबांचा सहवास मिळाला आणि त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले. तिसरे साक्षीदार म्हणजे शिष्य: भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ. पुढे धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर हे या दोन पुत्रांकडे शिकले.

साक्षीदार पुष्कळ झाले. आता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: 'हे आपल्याला कसे कळले? आपण पाहिले, की कोणाकडून ऐकले?' ऐकलेली गोष्ट पुढे सांगणाऱ्याला उर्दूत रावी म्हणतात. रावी चांगला असला, तरी त्याने किती पाहिले आणि किती ऐकले, हे वेगळे करावे लागते. टेंबे यांचा जन्म १८८१ सालचा. खाँसाहेब कोल्हापूरला आले, तेव्हा टेंबे चौदा वर्षांचे होते आणि खाँसाहेब चाळिशीचे. म्हणून कोल्हापुरातील खाँसाहेबांविषयी टेंबे जे लिहितात, ते पाहिलेल्या माणसाचे लिहिणे आहे. उनियाऱ्यातील बालपणाविषयी मात्र त्यांनी ऐकलेलेच असणार. केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा. १९२० च्या सुमारास त्या खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या, तेव्हा खाँसाहेब पासष्टीला आलेले होते. त्यांना ठाऊक होते ते वयोवृद्ध गुरू. तरुणपणचे खाँसाहेब यांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते. ते फक्त त्यांच्या स्वतःच्या आठवणीत होते.

आठवण हा साक्षीदार प्रेमळ असतो, पण कधी कधी विसराळूही असतो. सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा प्रसंग म्हाताऱ्या माणसाला चित्रासारखा दिसतो, पण त्याचे साल आठवत नाही. म्हणून प्रसंग आठवणीतून घ्यावा आणि साल कागदावरून तपासावे. त्यासाठी ग्रंथालयात जावे. कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालापासूनचे ग्रंथालय आहे. शिवाजी विद्यापीठाचेही मोठे ग्रंथालय आहे. संस्थानच्या काळातील जुने सरकारी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जपून ठेवले आहेत. त्यांतील पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. ती लिपी आपल्याला वाचता येत नाही, पण जाणकाराने वाचून दाखवली, तर उर्दू शिकणाऱ्या मुलाला एक गंमत दिसेल. दफ्तर, तारीख, सनद, हुकूम, जमाखर्च, जाहीरनामा असे कितीतरी ओळखीचे शब्द त्या जुन्या मराठीत भेटतात.

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याला या कामात मोठा फायदा होतो. 'अल्लादिया' या नावाचा अर्थ अनेक मराठी वाचकांना विचारावा लागतो. आपल्याला तो ऐकताच कळतो: अल्लाने दिलेला. मात्र ओळखीचा शब्दही कधी कधी फसवतो. 'तालीम' हाच शब्द घ्या. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. गाणाऱ्यांमध्ये तालीम म्हणजे गुरूने समोर बसवून दिलेली गायनाची शिकवण. आणि कोल्हापुरात पेठेपेठेत असते ती तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा! तिथला गुरू 'वस्ताद', म्हणजे आपला उस्तादच. 'त्यांनी लहानपणापासून तालीम घेतली' हे वाक्य वाचून एखाद्याने खाँसाहेबांना पैलवान करून टाकू नये. शब्द कोठला, कोणाच्या तोंडचा, हे पाहून अर्थ घ्यावा.

आता खाँसाहेबांच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग पाहू. तरुणपणी ते अमलेटा येथील दरबारात गात होते. तेथे फार गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला आणि बराच काळ परत आलाच नाही. गवयाचा आवाज जाणे म्हणजे काय, याचा विचार करा. सुताराचे हात गेले, तर तो काय करील? पण त्यांनी गाणे सोडले नाही. पुढे आवाज आला, तो पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. तिच्यातील गुंफलेल्या ताना आणि अनवट राग पुढे साऱ्या देशात नावाजले गेले.

हा प्रसंग लिहिताना तीन प्रकारची वाक्ये वेगळी ठेवावीत. आवाज गेला, हे स्वतः खाँसाहेबांनी सांगितलेले आहे. ते ठामपणे लिहावे. आवाज गेल्यामुळेच नवी गायकी जन्मली, असे अनेक जाणकार मानतात. ते 'असे मानले जाते' म्हणून लिहावे. आणि त्या दिवसांत त्यांना रात्र-रात्र झोप आली नसेल, असे आपल्याला वाटले, तर तो आपला अंदाज आहे. तो लिहायचाच असेल, तर 'वाटते' हा शब्द सोडू नये. 'आहे', 'म्हणतात' आणि 'वाटते' या तीन शब्दांची सरमिसळ झाली, की चरित्राची कादंबरी होते.

मोगूबाईंची गोष्टही अशीच तपासावी. तरुण मोगूबाई सांगलीत राहत असताना रियाज करीत होत्या. खाँसाहेबही औषधोपचारासाठी सांगलीस आलेले होते. रस्त्याने जाता-येता त्यांच्या कानी तो आवाज पडला आणि ते स्वतःच तिला शिकवू लागले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट सुंदर आहे. पण गोष्ट सुंदर असली, की आपण तपासणे विसरतो. दोघेही त्या काळात सांगलीत होते का? ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली? या प्रश्नांमुळे गोष्टीची शोभा कमी होत नाही. उलट ती खरी ठरली, तर ती लिहिताना आपला हात कापत नाही.

अल्लादियाखाँ यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. त्यांचा आवाज आज कोणालाच ऐकता येत नाही. आपल्या देशात ग्रामोफोनच्या तबकड्या १९०२ सालापासून निघू लागल्या. मिरजेत राहणारे उस्ताद अब्दुल करीमखाँ १९३७ साली वारले, पण त्यांचे गाणे तबकडीवर राहिले, म्हणून ते आपण आजही ऐकतो. अल्लादियाखाँ यांनी मात्र आपल्या गाण्याची तबकडी निघू दिली नाही. ज्यांचे सारे जीवन आवाजात होते, त्यांचे चरित्र आवाजावाचून लिहावे लागते.

मग काय करावे? शिष्यांच्या तबकड्या ऐकाव्यात. केसरबाईंचे गाणे ऐकावे, मोगूबाईंचे ऐकावे, मन्सूर यांचे ऐकावे. तिघांचे आवाज निरनिराळे आहेत, स्वभावही निरनिराळे. तरी तिघांच्या गाण्यात जे समान सापडते, ते गुरूच्या घरातून आलेले असण्याचा संभव मोठा. तीन साक्षीदार वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच गोष्ट सांगत असतील, तर न्यायाधीशही त्यावर विश्वास ठेवतो. पण येथेही मर्यादा विसरू नये. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तास-तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवलेला असे. जे ऐकू येते, ते मोठ्या हवेलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या एका खोलीसारखे आहे.

त्या तीन मिनिटांनी केवढा प्रवास केला, तेही पाहा. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन अंतराळयाने सोडली. त्यांवर पृथ्वीवरील निवडक संगीताची एक सोनेरी तबकडी बसवली आहे. तिच्यात केसरबाईंनी गायलेली भैरवी आहे. उनियाऱ्याच्या मुलाने चुलत्याकडून घेतलेली विद्या कोल्हापूर-मुंबईमार्गे ग्रहमालेच्या पलीकडे गेली. असे एक खरे वाक्य लिहिता आले, तर 'महान', 'थोर', 'अद्वितीय' अशी विशेषणे शोधत बसावे लागत नाही. विशेषणाने वाचक मान डोलावतो, पण घटनेने त्याला ती व्यक्ती दिसते.

कधी कधी ज्यांनी ती व्यक्ती किंवा तिचे नातलग पाहिले आहेत, असे वृद्ध गृहस्थ आपल्या गल्लीतच असतात. त्यांच्याकडे जाताना अगोदर वेळ विचारून जावे. प्रश्न लिहून न्यावेत. 'ते कसे होते?' असे विचारले, की 'फार चांगले होते' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी 'सकाळी किती वाजता रियाजाला बसत?', 'चुकले तर रागावत का?', 'घरात कोणती भाषा बोलत?' असे लहान लहान प्रश्न विचारावेत. ते बोलत असताना मध्येच बोलू नये. 'आजोबा, हे आपण स्वतः पाहिलेत का?' असे अदबीने विचारण्यात अपमान नाही. घरी आल्यावर टिपण स्वच्छ लिहून त्यांना वाचून दाखवावे. 'हे लिहू नकोस' असे ते म्हणाले, तर ती गोष्ट लिहू नये.

पुष्कळ शाळांत स्नेहसंमेलनाच्या वेळी विद्यार्थी थोर व्यक्तीचा वेष घेऊन 'मी अमुक' असे भाषण करतात. त्यातही हाच नियम पाळावा. पोशाख छायाचित्र पाहून ठरवावा, पण ते छायाचित्र कोणत्या वयाचे आहे तेही पाहावे. खाँसाहेबांची नेहमी पाहायला मिळणारी छायाचित्रे उतारवयातील आहेत. तशी मिशी आणि फेटा लावून कोणी 'मी आज अमलेट्याला गाणार आहे' असे म्हणू लागला, तर तरुण माणसाला म्हाताऱ्याचा चेहरा चिकटवल्यासारखे होईल. म्हणून भाषणातील खाँसाहेबांना वृद्धच ठेवावे आणि त्यांनी नातवाजवळ बसून जुने दिवस आठवावेत. असे खरोखर घडलेलेही आहे. त्यांच्या तोंडी घालायचे प्रत्येक वाक्य मात्र कोठून आले, ते आपल्या वहीत लिहिलेले असावे. जे ते कधी बोलले नाहीत, ते त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. ते उठून 'मी असे म्हणालो नव्हतो' असे सांगू शकत नाहीत.

शेवटी लिहिणे. सुरुवात जन्मतारखेनेच व्हावी असे नाही. ज्या प्रसंगात ती व्यक्ती सर्वांत स्पष्ट दिसते, तेथून सुरुवात करावी. खाँसाहेबांचे चरित्र आवाज गेल्याच्या दिवसांपासून सुरू करता येईल. मग मागे जाऊन बालपण सांगावे आणि पुढे कोल्हापूरला यावे. व्यक्तीचे दोष किंवा हट्ट सापडले, तर तेही लिहावेत. तबकडी न काढण्याचा निश्चय कोणाला हट्ट वाटेल, कोणाला स्वाभिमान. दोन्ही बाजू मांडाव्यात आणि निर्णय वाचकावर सोडावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी आजी-आजोबा असतील. त्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात आलेले नसेल. तरी त्यांच्यापासूनच या अभ्यासाला सुरुवात करा. एक वही घ्या. ते उर्दूत बोलले तर उर्दूत लिहा, मराठीत बोलले तर मराठीत लिहा. पानाच्या डाव्या बाजूला त्यांनी सांगितलेले लिहा आणि उजव्या बाजूला एकच प्रश्न लिहून त्याचे उत्तर शोधा: 'हे आपल्याला कसे कळले?' अझीझुद्दीनखाँ यांनी आजोबांजवळ बसून लिहिले, म्हणून उस्तादांचे स्वतःचे शब्द आज वाचायला मिळतात.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली खरी गोष्ट. सहवास – सोबत राहणे. सांगाडा – हाडांचा सापळा. येथे, मुख्य गोष्टींची रूपरेषा. पुराभिलेखागार – जुने सरकारी कागद जपून ठेवण्याची जागा. अनवट – क्वचित गायला जाणारा (राग). तबकडी – ग्रामोफोनची रेकॉर्ड. सरमिसळ – एकत्र मिसळून जाणे. अदबीने – आदराने.

स्वाध्याय

१. खाँसाहेबांच्या बालपणाविषयी टेंबे यांनी लिहिलेली माहिती आणि कोल्हापुरातील वास्तव्याविषयी लिहिलेली माहिती यांत कोणता फरक आहे?

२. 'आहे', 'म्हणतात' आणि 'वाटते' हे शब्द वापरून अमलेट्याच्या प्रसंगावर प्रत्येकी एक वाक्य लिहा.

३. 'तालीम' या शब्दाचे तीन अर्थ सांगा. उर्दू आणि मराठीत वेगवेगळ्या अर्थाने वापरले जाणारे आणखी दोन शब्द शोधा.

४. खाँसाहेबांनी तबकडी काढली नाही, हे तुम्हांला योग्य वाटते का? सकारण लिहा.

५. उपक्रम: घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला दहा प्रश्न विचारा. त्यांनी पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टी वेगवेगळ्या लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.